पोचपावतीवरचा अंगठा

मुंबईला गिरणीत होतो तेव्हा एका खोलीत आम्ही अठराजण पाळीपाळीने झोपायचो, आणि तरी मला बोलायला माणूस नव्हतं. आई कडेगावकडच्या आमच्या गावी एकटी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मग पत्र कुठलं येणार? यायची ती मनिऑर्डरीची पोचपावती, तिच्यावर आईच्या डाव्या अंगठ्याचा जांभळा ठसा. त्यातल्या गोल रेषा मी उजेडाला धरून बघत बसायचो. आई धड आहे, एवढं त्यातून कळायचं.

बाहत्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या. मी खानावळीतलं एक वेळचं जेवण बंद केलं आणि पन्नासऐवजी सत्तर रुपये पाठवायला लागलो. मनिऑर्डरीच्या तळाशी लिहिलं, खडी फोडायला जाऊ नकोस. पोस्टमन तिला वाचून दाखवायचा.

तिसऱ्या महिन्याची पावती आली ती वेगळीच. नुसता जांभळा डाग, एक रेष नाही. माझं डोकं सणकलं. ओळखू येऊ नये म्हणून पोस्टमनने स्वतःचा अंगठा फासून पैसे खाल्ले, दुसरं काय! मग मनात आलं, आई आहे ना? बिनपगारी रजा घेतली आणि गाव गाठलं.

वेशीतच पोस्टमन भेटला. त्याला नको नको ते बोललो. म्हातारा शांतपणे म्हणाला, “रस्त्याच्या कामावर जा गड्या. तितं बघ आईचा अंगठा.”

आई खडीच्या ढिगाशी बसली होती. हातोडा ठेवून तिने हात पुढे केला. अंगठा, बोटं घासून पार गुळगुळीत झाली होती. पोस्टमनची माफी मागायची सोडून मी तिच्यावरच ओरडलो, “मग मी पैसे कशाला पाठवतो?”

“ठेवल्यात डब्यात. उद्या गिरणी बंद पडली, तू आजारी पडलास, तर तितं तुला कोण हाय रं?”

“मग पाठवतच नाही.”

“आन् तू हायस, हे मला कसं कळायचं?”

मला रडू आलं. चारचौघांत, तिच्यासमोर रडलो.

परत गेल्यावर पस्तीस-पस्तीसच्या दोन मनिऑर्डरी करायला लागलो, पंधरा दिवसांनी एक. खिडकीतला कारकून म्हणाला, “अहो, कमिशन दोनदा कशाला भरता?”

“असू द्या,” मी म्हटलं, “मला दोन पावत्या पाहिजेत.”