यशोदाबाईचा खांदा आणि लांब रोटी

आंजी गावच्या यशोदाबाईची लांब रोटी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं लग्नात जेवलो असं म्हणूच नये. सैलसर कणीक परातीत आपटायची, दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद पसरायची. तीस वर्षं हेच करता करता बाईच्या उजव्या खांद्यातली स्नायू हाडाला बांधणारी दोरी तुटली. ऑपरेशन झालं, तीन महिने झाले, तरी हात कानावर जाईना. इकडे मयुरीचं, एकुलत्या लेकीचं, लग्न दोन महिन्यांवर.

"माह्या पोरीच्या लग्नात रोटी मीच टाकीन," बाईनं गावभर सांगून ठेवलं होतं.

वर्ध्याच्या फिजिओथेरपिस्ट प्रेरणा मॅडमनी शॉकवेव्ह मशीनचे उपचार सुचवले. 'शॉक' ऐकून नवरा तानबानं बायकोला रबरी चपला घालूनच नेलं. मॅडम हसल्या. "करंट नाही काका, नुसते ठोके आहेत. काकू, दुखलं की लगेच सांगायचं."

सांगते कशाची! मडक्यावर हात पोळला तरी चुलीपाशी हूं की चूं करायचं नाही, हा रोटीवाल्या बायांचा कायदा. मॅडम विचारत गेल्या, बाई "नाई दुखत" म्हणत गेली, मशीनचा जोर वाढत गेला. दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा.

मॅडम चिडल्या. "तुम्ही सांगाल त्यावर मी जोर ठरवते. खोटं बोललात तर खांदा बरा कसा होणार?" दोन आठवडे मशीन बंद.

"घरी दिवसभर माह्यावर वरडते, अन् इथं काऊन मुकी झाली?" तानबा म्हणाला. बाईला राग आला, पण पटलंही. पुढच्या वेळी ती खरं बोलली. हळूहळू हात कानावर गेला, मग डोक्यावर.

लग्नाच्या दिवशी बाई चुलीपाशी बसली. पहिली रोटी झकास उतरली. दुसरीही. तिसरीला खांद्यात कळ आली. सगळ्या बाया बघत होत्या. तरी बाईनं कणीक शेजारच्या विमलाबाईच्या हातावर ठेवली.

"दुखते वं. तू टाक."

मयुरीनं आईला हाताला धरून पंगतीत आपल्याशेजारी बसवलं. तीस वर्षं शेकडो लग्नांत राबलेल्या यशोदाबाईनं मडक्यावरून उतरलेली गरम रोटी बसून खाल्ली ती त्या दिवशी, पहिल्यांदा.