शिसपेन्सिलीतलं शिसं

विश्रांतवाडीत बॅटरी म्हटलं की कचरू ओव्हाळ. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, आणि वीज गेली की त्यांचा सगळा डोलारा कचरूच्या बॅटऱ्यांवर उभा असायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो जुन्या बॅटऱ्या फोडायचा, कढईत शिसं वितळवून नवे जोड ओतायचा. कुठला कप्पा गेलाय ते बॅटरीला हात लावताच सांगायचा. माझ्या इन्व्हर्टरसाठी आला की चहा घ्यायचा आणि मुलीबद्दल बोलायचा. पायल मी शिकवायचे त्याच वर्गात होती, पहिलीत. दिवाळीआधीच ती जोडाक्षरं वाचायची. असं मूल मला तीस वर्षांच्या नोकरीत दोनदाच भेटलं.

एकदा त्याने विचारलं, "बाई, शिसं पोरांना वाईट असतं म्हणतात. खरं का?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मग शिसपेन्सिली काय मुलांचा जीव घ्यायला देतो आम्ही?"

तो हसला. मीही हसले. मला स्वतःच्या अशा उत्तरांचं भारी कौतुक.

दुसरीतही तो वर्ग माझ्याकडेच होता, तेव्हा पायलचं पोट दुखू लागलं. आलेली अक्षरं ती विसरू लागली, उगाच चिडायची. मी तिला आळशी म्हटलं, दोनदा कोपऱ्यात उभं केलं. शेवटी कचरू आणि जया, तिची आई, तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. सोबत मी. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी शिशाचं काम चालतं का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मुलं शिसपेन्सिल तर रोज चोखतात."

"त्यात शिसं नसतं. नुसतं नाव आहे. आत असतं ते ग्राफाइट."

मी हादरले. शिकवणारी मी, आणि मला हे माहीत नव्हतं. पोटदुखी थांबेल, औषध देऊ, शेड घरापासून लांब हलवा, असं त्या सांगत होत्या. पण बुद्धीवर जो परिणाम झालाय तो पुसला जाईलच असं नाही, असंही म्हणाल्या.

बाहेर बाकावर कचरूशेजारी बसले. "चूक माझी," एवढंच म्हणू शकले.

तो रागावला नाही. तेच जास्त लागलं.

"आधी मी तिला शेडमध्ये पाऊल टाकू देत नव्हतो, बाई," तो म्हणाला. "तुम्ही सांगितल्यावर येऊ द्यायला लागलो. कढईशेजारी बसून अभ्यास करायची रोज."