वाशीमात वाशीमकर शोधताना

आमच्या ह्यांना प्रवास म्हटला की आधी पोट दुखतं. इंदूरच्या स्टेशनावर गाडीत बसलो तरी त्यांचं चालूच होतं, "अजून विचार कर. पत्र टाकून काम होईल." पण पत्र टाकायचं कुणाला? आडनाव वाशीमकर, आणि त्या वाशीमात आमच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

निघायचं कारण आमची नलू. मुलगा पाहून झाला, पसंती झाली, आणि मुलाच्या आजीनं सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं? कुलदैवत कोणतं?" ह्यांनी आढ्याकडे पाहिलं, मी सतरंजीकडे. ह्यांचे आजोबा सखाराम मोठ्या दुष्काळात बायकोला आणि कडेवरच्या मुलाला घेऊन चालत निघाले ते इंदुरात येऊन टेकले. पुढे पटकीच्या साथीत नवराबायको दोघंही गेली. तो कडेवरचा मुलगा म्हणजे माझे सासरे. त्यांना शेजाऱ्यांनी वाढवलं. आईबापांची नावं आणि बायजा नावाची आत्या वाशीमकडच्या रिठद गावी दिली आहे ही एक गोष्ट, एवढंच काय ते शेजाऱ्यांकडून त्यांना मिळालं. त्यामुळे आमच्याकडे नवरात्र होतं, नैवेद्य होतो, पण तो कोणाच्या नावानं ते माहीत नाही. आजीबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "सावकाश कळवा. पण कुळाचा देव कळल्याशिवाय मी तिथी धरू देणार नाही." नलू दाराआड उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं आणि तिथंच ठरवलं.

खांडव्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो. तिथून पुढे मोटार. मोटार कसली, बाकं ठोकलेला पत्र्याचा डबाच तो. पातूरच्या घाटात ती धापा टाकू लागली तशी ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं. चढ पायी चढलो. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, मोठाली पानं वाळून खाली पडलेली, त्यांच्यावर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मला तर फार मजा आली. पुन्हा बसलो तेव्हा एका शेतकऱ्याची वांग्यांची पाटी ह्यांच्या मांडीवर लवंडली. तो म्हणाला, "राहू द्या मालक, आता तुमीच धरा." ह्यांनी वाशीमपर्यंत ती वांगी धरली. उतरताना त्यानं त्यातली चार ह्यांच्या पिशवीत टाकली, आणि ह्यांचा राग वांग्यांबरोबरच पिशवीत गेला.

वाशीमला बालाजीच्या देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. सकाळी आंघोळ करून दर्शनाला गेलो. काळ्या पाषाणाची ती मूर्ती पाहून माझे हात आपोआप जुळले. बाहेर येताच हे म्हणाले, "झालं की! आपण वाशीमकर, वाशीमचा बालाजी. जुळलं. संध्याकाळची मोटार मिळेल."

मी म्हटलं, "देव म्हणजे काय धोतरजोडी आहे, पहिली पुढ्यात आली ती घेतली?" आमचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे हे त्यांना बरोबर लागलं. माझ्यामागून तहसील कचेरीत आले.

जुन्या दप्तराचे कारकून एक उतारवयाचे गृहस्थ होते. तपकीर ओढायचे आणि प्रत्येक चिमटीनंतर दोन शब्द बोलायचे. कचेरीत बाईमाणूस पाहून त्यांनी आधी स्टूल पुसायला लावलं. मी सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, "वाशीमकरांची घरं कुठे आहेत, तेवढं सांगा."

ते इतके हसले की तपकीर सांडली. "बाई, वाशीमात वाशीमकर कसा सापडन? इथं सारेच वाशीमचे. कोण कोणाले वाशीमकर म्हणन? हे नाव तुमच्या इंदूरवाल्यांनी ठेवलं. कुठून आले म्हून विचारलं असन. खेड्याचं नाव कोणाले समजते? सांगतलं असन, वाशीमकडून आलो."

दोन पिढ्या मिरवलेलं आडनाव आमच्या गावचं नव्हतंच, ते आमच्या नावापुढे अनोळखी लोकांनी लावलेलं! ह्यांना मात्र आनंद झाला. "म्हणजे बालाजीही नाही," असं म्हणून ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू बालाजी मीच सुचवला होता.

"मग आता?" मी विचारलं. "एक आत्या रिठदला दिली होती. पण ते काही आमचं गाव नव्हे. लेक आपल्याच गावात कोण देतं?"

"हेच तुमी चुकले," कारकून म्हणाले. "लेक जिथं दिली तिथं ती कुठून आली हे माहीत राह्यते." मग त्यांनी रिठदची लाल फडक्यातली बासनं सोडली आणि मला दप्तर वाचायला शिकवलं. पुरुषाचं नाव आलं की पुढे 'वल्द' (अमक्याचा मुलगा). एक वल्द धरला की त्याच्या वरचा वल्द सापडतो, शिडी चढावी तसं मागे जाता येतं. बाईचं नाव आलं की पुढे 'जौजे' (अमक्याची बायको). तिथं शिडी संपते. बापाचं नाव नाही, माहेर नाही, जणू ती लग्नादिवशीच जन्मली.

रिठदच्या दप्तरात तीन बायजा निघाल्या. एक फार अलीकडची. एक निपुत्रिक. तिसरी 'बायजाबाई जौजे तुकाराम', नवऱ्यामागे शेत तिच्या नावावर चढलेलं आणि पुढे मुलगा किसन वल्द तुकाराम याच्या नावावर गेलेलं. काळ जुळत होता. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. माझ्या ओळखीची ना पाळखीची ती बाई, पण मला एकदम रडू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उस्मानमिया गाडीवानांची दमणी (छपराची हलकी बैलगाडी) करून रिठदला निघालो. रस्ताभर काळीभोर जमीन, ज्वारीला कणसं धरलेली, मधेमधे पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरी झालेली. वेचणाऱ्या बाया आम्हांला पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. उस्मानमियांनी विचारलं, "कोणाच्या घरी चालले?"

"किसन तुकारामांच्या."

"किसनभाऊ तं गेले ना बाई. सगुणाबाई हायेत, त्यायची बायको. कडक हायेत, पण जेवल्याबिगर जाऊ नाई देत."

दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. सगुणाबाई सत्तरीच्या, उंच, ताठ. ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. ह्यांनी नमस्कार करून सांगितलं, "बायजाबाईंच्या भावाचा मी नातू. सखारामांचा."

"असन," सगुणाबाई म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या. "सखाराम हे नाव तुमाले कोणत्याबी कागदावर भेटन. त्यायच्या बायकोचं नाव काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दर पितृपक्षात ब्राह्मण आजीचं नाव उच्चारतात आणि हे त्यांच्यामागे ते म्हणतात, पण भटजींच्या मागून म्हटलेलं डोक्यात राहतं थोडंच! मी मात्र वीस वर्षं आत वडे तळता तळता ते नाव ऐकलं आहे.

"भागीरथी," मी म्हटलं.

सगुणाबाईंचे हात थांबले. त्यांनी मला जवळ बोलावलं, हनुवटीला धरून तोंड वर केलं. "माह्यी सासू मरेपावतर वाट पाहत होती," त्या म्हणाल्या. "म्हणे, माह्यी भागी येईन. दादा नाई आला तरी भागी येईन."

मग आम्हांला आत नेलं. चुलीमागच्या भिंतीत दोन देवळ्या होत्या. एकीत त्यांच्या घरचे देव. दुसरीत, जरा खाली, दोन चांदीचे टाक, झिजून गुळगुळीत झालेले, पण आदल्या दिवशीचं कुंकू ताजं. सगुणाबाईंनी सांगितलं, आमचं मूळ गाव मेडशी; ते सोडून निघताना सखाराम आणि भागीरथी वाट वाकडी करून रिठदला आले होते. उपाशी पोटी, पायी, देव कसे न्यायचे? भागीरथीनं ते नणंदेच्या ओटीत घातले. नणंदेच्या सासरी हे देव चालायचे नव्हते. तिनं सासूच्या हातापाया पडून खालची देवळी मागून घेतली.

"कोणता देव आहे, काकी?" ह्यांनी विचारलं.

"माहूरची रेणुका. अन् हा खंडोबा. सासू गेल्यावर मी करून राह्यली. दसऱ्याले माह्या देवायले एक पान, माहेरच्यायले एक."

जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी होती. पहिलं पान देवळीपुढे गेलं. ह्यांनी तीन रोडगे खाल्ले आणि पोट दुखल्याचं नाव काढलं नाही.

निघताना ह्यांनी टाक घ्यायला उपरणं पुढे केलं. सगुणाबाईंनी ते बाजूला सारलं. "वटीत आले होते, वटीतच देईन," असं म्हणून त्यांनी तांदूळ, खोबरं आणि दोन्ही टाक माझ्या पदरात घातले. मग रिकामी देवळी पदरानं पुसली. मी म्हटलं, "काकी, तुम्हांला चुकल्यासारखं होईल." त्या म्हणाल्या, "होईन ना. पण लेक सासरी गेली म्हून कोणी रडत बसते काय?" आणि मग चांगल्या रडल्या, आणि मीही.

परतताना मोटार मेडशीला पाणी भरायला थांबली. आम्ही खाली उतरून थोडी माती रुमालात घेतली. आमचं घर कुठे होतं हे सांगणारं तिथं कोणी भेटलं नाही, आणि मला त्याची फारशी रुखरुखही वाटली नाही.

इंदुरात पोचलो त्याच आठवड्यात मुलाच्या आजींना कळवलं आणि तिथी निघाली. माझा जीव भांड्यात पडला. टाक देवघरात बसवले तेव्हा नलू पाया पडली आणि म्हणाली, "आई, पण आता दोन महिन्यांनी मी तर त्यांच्या कुळात जाणार. हे देव माझे कुठे राहणार?"

आजवर मीही हेच समजत आले होते. लेक दिली की ती कुळातून गेली, तिच्या नावापुढचा वल्द पुसला आणि जौजे लागला. मी तिला पाटावर बसवलं आणि माहूरच्या रेणुकेपासून मेडशीपर्यंत, सखारामापासून भागीरथीपर्यंत, सगळं तिच्याकडून घोकून घेतलं. ती कंटाळली आणि थोरल्या भावाला पुढे करत म्हणाली, "दादाला शिकव ना हे. घर तर तो चालवणार."

"त्यालाही शिकवीन," मी म्हटलं. "पण आम्ही हरवलो, तर लोक तुझ्याच दारी विचारायला येतील."