भिंतीवर लावलेली माझी नोकरी

अमेरिकेतल्या आमच्या ऑफिसात, कॉफीच्या मशीनशेजारी, एक जाहिरात लागली आहे. पुलांची मजबुती तपासणारा इंजिनियर पाहिजे. अमुक शिक्षण, तमुक अनुभव. ती नोकरी माझी आहे. आठ वर्षं मीच करते आहे. माझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा, तर या कामाला इथलं कुणी मिळत नाही हे कंपनीला आधी दाखवावं लागतं. म्हणून हा कागद.

आईला फोनवर सांगितलं, तर ती घाबरलीच. "अगं, तुझं काय चुकलं?"

"काही नाही गं. मी त्यांना कायमची हवी आहे, म्हणूनच लावलाय."

"हवी असलेल्या माणसाची जागा अशी भिंतीवर लावतात होय?"

येणारेजाणारे कागद वाचतात आणि मला बघून घाईघाईने कपात साखर ढवळू लागतात. पहिल्या दिवशी मी मान खाली घातली होती. कशाला पण? या गावात नदी ओलांडणारा प्रत्येक माणूस माझ्या आकडेमोडीवर पाय ठेवून पलीकडे जातो. तेव्हा नाही कुणी विचारत, ही बाई कुठली.

आज तो कागद एकाच टाचणीवर तिरका लोंबत होता. मी दुसरी टाचणी आणली आणि तो सरळ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा लावला. वाचा म्हणावं नीट. माझंच वर्णन आहे ते.