आतेसाठी दिलेला कवाथा

सामान कमी करण्याचं मला त्या वर्षी वेडच लागलं होतं. मॅट्रिक झाली होती, मुंबईला नोकरीला जायचं ठरलं होतं. त्याआधी मी आणि शेजारचा माझा ख्रिस्ती मित्र, दोघांनी सायकलने निघायचा बेत केला. मालवणहून किनाऱ्याने रेडी, तिथून इन्सुलीवरून सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट सायकली ढकलत चढून कोल्हापूर. पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. खाड्यांवर पूल नव्हते, होडीने पलीकडे जावं लागे, आणि कित्येक ठिकाणी रस्ता संपून नुसती वाळू असे. वाळूत आपण सायकलवर बसत नाही, सायकलच आपल्या खांद्यावर बसते. म्हणून जे घरी राहील ते बरं, असं मी धरून चाललो होतो.

मी सायकलची मडगार्डं उतरवली, घंटा काढली. कंगवा मोडून अर्धाच घेतला. अंग पुसायला, नेसायला आणि अंथरायला एकच पंचा. मित्राने मात्र घोंगडी घेतली होती, आईने दिलेले पाव घेतले होते, खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा. माझी तयारी बघून तो म्हणाला, "एक पायय घराक ठेव रे, तितकोच हलको होशीत."

निघायच्या सकाळी वडील परसातून कवाथा घेऊन आले. कवाथा म्हणजे रुजलेला नारळ, लावायला तयार झालेलं माडाचं रोप. आमच्या विहिरीजवळ एक जुना माड होता. त्याचे नारळ गोल, लोट्यासारखे, आणि खोबरं इतकं गोड की आई ते नुसतं खायला द्यायची. माझी आते त्याच माडाच्या सावलीत लहानाची मोठी झाली आणि लग्न होऊन रेडीला गेली. आपल्या दारात माहेरचा एक माड असावा, असा निरोप तिने वडिलांना कितीदा तरी पाठवला होता. त्यांनी पावसाआधी नारळ निवडून ठेवला, पुरला, रुजवला. दिवाळीनंतर आम्ही त्या वाटेने जाणार म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. ओल्या गोणपाटात बुडखा गुंडाळून त्यांनी तो स्वतः माझ्या कॅरियरला बांधला.

"आतेक दी," ते म्हणाले. "न्हाणयेच्या पाण्यार लाव म्हणान सांग."

देवबागेत शिरलो आणि वाळू लागली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि वारा असा की कवाथ्याची पानं शिडासारखी भरत. सायकल सारखी एका अंगावर पडे. ओल्या गोणपाटाचं पाणी पिशवीत झिरपून माझा दुसरा सदरा भिजला. मित्र मागून हसत होता. कॅरियर मोकळा ठेवण्याची एवढी बढाई मी मारली होती, ते हसणं मला सोसलं नाही. होडी लागायच्या जागेजवळ उंडीचं झाड होतं. मी कवाथा सोडला आणि त्याखाली टाकला.

मित्राचं हसणं थांबलं. "बापाशीन दिलेलो असो टाकतंस?" त्याने विचारलं.

रेडीत काय माड नाहीत, असं मी त्याला सुनावलं. जिथे माडच माड आहेत तिथे माड वाहून न्यायचा, हा शुद्ध वेडेपणा आहे, असंही म्हणालो. त्याने कवाथा आपल्या कॅरियरवर घेतो म्हटलं. तेही मी होऊ दिलं नाही, कारण मग माझी चूक त्याच्या सायकलवरून दिसत राहिली असती.

रेडीच्या अलीकडे एका भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, रोपं ओळीने लावलेली होती. राखणदाराकडून त्यांतलं एक मागून घेतलं आणि आमचं गोणपाट त्याला गुंडाळलं. आतेने ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं.

"दादान रुजवल्यान मां ह्यो?"

मी हो म्हणालो. मित्र अंगणाकडे बघत राहिला. आतेने आमच्यासमोरच न्हाणीमागे खड्डा खणायला घेतला. मला तेव्हा लाज वाटली नाही. काम निभावलं याचं समाधान वाटलं. ते आठवलं की आज जास्त लाज वाटते.

दोन वर्षांनी वादळात आमचा विहिरीजवळचा माड पडला. मे महिन्यात मी घरी आलो तेव्हा वडील माड पडला त्या जागी बसून होते. मला म्हणाले, "एक गेलो, एक रेडीक आसा." त्यानंतर रेडीहून कोणीही आलं की ते माणसांच्या आधी माडाची विचारपूस करत. मी दर वर्षी सुट्टीवर येई. सांगायचं ठरवून येई आणि न सांगता परत जाई.

रेडीच्या माडाला नारळ धरले तेव्हा वडील थकले होते, तरी जायचंच म्हणून बसले. मी त्यांना एसटीने घेऊन गेलो. नारळ लांबट होते, टोकदार. वडिलांनी वर पाहिलं आणि बराच वेळ मान खाली केली नाही. शेजारची एक बाई कुंपणापाशी उभी राहून आतेला डिवचत होती, "म्हायेरचो माड म्हणत होतंस मां गो? हे तर आमच्याच भाटातले नारळ."

आते भावाच्या तोंडाकडे बघत होती.

वडिलांनी शहाळं उतरवायला सांगितलं. उभ्या उभ्या ते सगळं प्यायले, तोंड पुसलं आणि त्या बाईकडे वळले. "माती बदलली काय आकार बदलता," ते म्हणाले. "गोडी तीच आसा."

आतेने डोळ्यांना पदर लावला. मला कुठे बघावं कळेना.

एसटीची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला उभे होतो. वडील समोर बघत म्हणाले, "खंय टाकलंस?"

देवबागेत, होडीजवळ, उंडीखाली. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उभो ठेवलंस, काय आडवो?"

बुडखा वाळूत दाबून उभा ठेवला असता तर तो कदाचित जगला असता, हे कोकणातल्या पोरालाही कळतं. तेवढी दोन क्षणांची मेहनतसुद्धा मी घेतली नव्हती.

"आडवो," मी म्हटलं.

एसटी आली. मी हात पुढे केला, पण दांडा धरून ते एकटेच चढले आणि खिडकीशी बसले. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. मी मालवणपर्यंत मागे उभा राहिलो.