लगोऱ्या पाडणारा ऑर्व्हल

माझा भाऊ ऑर्व्हल टॅनर याला इथली खडकाची नैसर्गिक कमान बघायला येणारी माणसं खडूस म्हातारा म्हणतात. म्हणोत. अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या या लाल दरीत तो चाळीस वर्षं गुरांमागे फिरला आणि वाटेवरची प्रत्येक खूण त्याने स्वतःच्या हाताने रचली. तीन दगड, वरचा चपटा. पहिले चार मैल नदीच्या कोरड्या पात्रातून जाता येतं, पुढे नुसता उघडा खडक. त्यावर पाऊल उमटत नाही आणि दोन्ही अंगांच्या घळी एकसारख्या. ऑर्व्हलचे तीन दगड बघत बघतच कमानीखाली पोचायचं.

मग कमानीचे फोटो फोनवर फिरले आणि ही जत्रा सुरू झाली. येतात, बसतात, लगोऱ्या रचतात. सात दगडांच्या, अकरा दगडांच्या. फोटो काढला की निघाले. मागून येणारा बिचारा त्यालाच खूण समजतो आणि भलत्याच घळीत शिरतो. माझं डोकं फिरतं ते इथे. रस्त्यावरची पाटी कुणी गंमत म्हणून उलटी फिरवली असती, तर त्याला पोलिसांनी धरलं असतं.

म्हणून दर शनिवारी ऑर्व्हल लगोऱ्या पाडायला जायचा. वय एकाहत्तर, डावा गुडघा कामातून गेलेला. चर्चमध्ये ज्याच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही, तो लाथ मारताना असं काही बोलायचा की मी कानांवर हात ठेवायची. त्या गुडघ्यापायी मला सोबत जावं लागे.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी त्याने तेरा पाडल्या. चौदावी एका घळीच्या तोंडाशी होती, वाकड्या जुनिपरच्या झाडाजवळ. घाईघाईत रचलेली, वरच्या दगडाखाली लाल रुमाल.

"ही राहू दे," मी म्हटलं. "रुमाल कुणी उगाच ठेवत नाही."

"आता सजवायलाही लागले!"

"अरे, आत डोकावून तरी बघ."

"नेड्रा, तुला एवढा पुळका असेल तर तू डोकाव."

त्याने लाथ मारली, रुमाल कचरा म्हणून खिशात कोंबला. मीही तणतणत पुढे निघाले. कमानीखाली बसून आम्ही सँडविच खाल्ले आणि परत फिरलो.

परतताना एक तरुण बाई दिसली. एका घळीतून दुसरीकडे धावत होती, ओरडून ओरडून आवाज बसलेला. ती नवऱ्याबरोबर कुणाच्या तरी लगोरीला खूण समजून घळीत शिरली होती. तिथे तो पडला, पाय मोडला. फोन लागेल म्हणून ती वर कड्यावर चढली. फोन लागला नाही, आणि खाली आली तर सगळ्या घळी सारख्याच.

"मी खूण केली होती," ती म्हणाली. "लाल रुमाल ठेवला होता. कुठे गेली माझी खूण?"

ऑर्व्हलचा हात खिशाकडे गेला. तो गप्प राहू शकला असता. खोटं कशाला बोलू, राहील की काय असं मलाही वाटलं. त्याने रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

"मी पाडली, पोरी."

तिने दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं. तो तसाच उभा राहिला. मी म्हटलं, नंतर मार, आधी चल. जिथे भांडण झालं ती जागा मी विसरत नाही. वाकडं जुनिपर मी लांबूनच ओळखलं.

नवरा जिवंत सापडला. ओठ फाटलेले, पाय भलतीकडे वळलेला. मी खाली रस्त्यापर्यंत जाऊन फोन केला, तेव्हा संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं. जाताना ती आमच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि का बोलावं?

गेल्या शनिवारी एकोणीस लगोऱ्या होत्या. आता ऑर्व्हल आधी लाथ मारत नाही. जवळच्या घळीत लंगडत शेवटपर्यंत जातो, "कोणी आहे का?" म्हणून हाक मारतो, थांबून ऐकतो, परत येतो आणि मग पाडतो. त्या एकोणीस जणांचे फोटो कुठेकुठे मिरवत असतील, आणि माझा म्हातारा भाऊ रिकाम्या घळींत हाका मारत फिरतोय. मला त्यांचे फोन दगडाने ठेचावेसे वाटतात.

अठराव्या घळीतून तो गुडघा धरून बाहेर आला. मी म्हटलं, बस झालं, आता घरी चल.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला, "आणि मी डोकावलो नाही."

डोकावले तर मीही नव्हते. एकोणिसाव्या घळीत मी शिरले आणि हाक मारली.