संवाद लिहीत होते तेव्हा दारात आलेली बाई

मी परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. पडद्यावरचा माणूस इंग्रजीत बोलत असतो. त्याच्या ओठांच्या हालचालीत बसेल असं मराठी वाक्य मी शोधायचं, मग स्टुडिओत कुणीतरी ते आपल्या आवाजात म्हणायचं, असं हे काम. ते घरूनच चालतं. बदलापूर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, तिथे मी आणि आई दोघीच राहतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्याकडे आलेली मालिका अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीवर होती. आठ भागांची. त्यात सभा होत्या, छापखाने होते, तळमळीने भाषणं करणारे गोरे पाद्री होते, पळून आलेले काळे बायका-पुरुष होते आणि त्यांना तळघरात, माळ्यावर लपवणारी कुटुंबं होती. गुलामी बंद करा म्हणणाऱ्या त्या लोकांना इंग्रजीत एक शब्द आहे, आपल्या रोजच्या बोलण्यात नाही. 'निर्मूलनवादी' लिहिलं की पात्र एकदम सरकारी अहवालासारखं बोलायला लागे. शेवटी मी 'मुक्तीवाले' ठेवलं. 'मालक' मात्र कुठे अडला नाही. इंग्रजी 'मास्टर'ही 'म'नेच सुरू होतो, ओठ बरोबर तिथेच मिटतात.

संवाद बसतोय का हे मोठ्याने म्हणून बघावं लागतं, त्यामुळे शेजारी भाजी निवडत बसलेल्या आईच्या कानावर सगळं जायचं. आई उल्हासनगरच्या एका प्रसूतिगृहात चौतीस वर्षं आया होती. बाळंतिणींची भांडी, चादरी, सगळं तिने काढलं आणि मला एम. ए.पर्यंत शिकवलं. बुद्धविहारात दर रविवारी जायची, चळवळीच्या गोष्टी तिला नवीन नव्हत्या. पण तिचे प्रश्न वेगळेच असत. एकदा तिने विचारलं की माळ्यावर लपलेली ती बाई संडासला कुठे जात असेल. मी म्हटलं, ते नाही दाखवलेलं. आई म्हणाली, "कुणीतरी भांडं उचलत असणार. ते कोण, ते दाखवायला पाहिजे होतं."

आमच्या वरच्या मजल्यावर एक पन्नाशीचं जोडपं राहतं. त्या घरातल्या बाईंना मी वहिनी म्हणते. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सामान लावून होण्याआधी थर्मासमधून चहा घेऊन आल्या होत्या त्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं करायला बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीवरची बाई चोवीस तासांसाठी ठेवलेली होती. पस्तिशीची असेल, किरकोळ अंगाची. गच्चीवर चादरी वाळत घालताना दिसायची. हसायची, बोलायची कमी.

त्या सोमवारी आई अंबरनाथजवळ पालेगावला मामाकडे गेली होती. दुपारी मी पाचव्या भागात होते. बेल वाजली. दारात ती बाई, हातात कपड्यांची पिशवी. म्हणाली, "ताई, जरा आत येऊ? माझी आय लई आजारी हाय. मला घरी जायचंय."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग तिने तुटक तुटक सांगितलं. भावाचा फोन येऊन आठ दिवस झाले होते. वहिनी म्हणाल्या होत्या, एजन्सी दुसरी बाई देईपर्यंत कुठे जायचं नाही. तिचं आधार कार्ड त्यांच्या कपाटात होतं, फोनही त्यांच्याकडेच. बाहेर जाताना ते दाराला बाहेरून कुलूप लावून जात. आज गॅस सिलिंडरवाला आला, वहिनी त्याच्याशी बोलत आत गेल्या आणि दार उघडं राहिलं, तेवढ्यात ती जिन्याने खाली आली. रस्त्यापर्यंत जायची तिची हिंमत होत नव्हती. खाली वॉचमन होता आणि तो वरच्यांना फोन करील असं तिला वाटत होतं. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत यावं, एवढंच तिला हवं होतं.

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. चप्पल घालायची, तिला घेऊन खाली उतरायचं, बारवी रस्त्याच्या रिक्षात बसवून द्यायचं. पंधरा मिनिटांचं काम. पण माझ्या मनात आलं की हे असं चोरून कशाला? आपण शिकलेली माणसं, बोलून सुटेल. वहिनी काही वाईट नाहीत. आणि खरं सांगायचं तर याच्याखाली आणखी एक भीती होती. त्या इमारतीत आम्हाला सगळे नीट वागवत होते, ते मला बिघडवायचं नव्हतं.

मी तिला म्हटलं, तू बस, मी त्यांच्याशी बोलून तुझं कार्डही घेऊन येते. मी वर गेले.

वहिनींनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, माझ्याबरोबर खाली आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "अगं, मला सांगायचं ना. उद्या-परवा बाई येते, मग जा. सासूबाई ओल्यात पडल्यात, त्यांचं आधी बघू." तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." ती उठली, पिशवी उचलली आणि त्यांच्या मागे जिना चढून गेली.

दार लावून मी पुन्हा कामाला बसले. पाचव्या भागात भर सभेत एका स्त्रीचं लांबलचक भाषण होतं. पळून आलेल्या माणसाला परत धाडणारे हात आणि चाबूक धरणारे हात वेगळे नाहीत, अशा अर्थाचं. ते भाषण मला तीन दिवस जमत नव्हतं. त्या दुपारी ते एका बैठकीत झालं, आणि स्टुडिओला फार आवडलं. हे मला आजही सहन होत नाही.

बुधवारी सकाळी आई परत आली. जेवताना मी तिला सगळं सांगितलं, जरा स्वतःला सांभाळून घेतच. आईने हातातला घास खाली ठेवला.

"तू तिला त्यांच्या हवाली केलंस?"

"मी नाही केलं. वहिनी येऊन घेऊन गेल्या."

"बोलावून कोणी आणलं?"

आईने हात धुतला, पदर खोचला आणि गुडघा धरत जिना चढायला लागली. मी मागून गेले.

वहिनींनी दार उघडलं. आईने बसायला नकार दिला. उभ्यानेच म्हणाली की दुसरी बाई येईपर्यंत तुमच्या सासूबाईंचं मी करते, तेच काम करत आले आहे. हिचं कार्ड आणि फोन द्या आणि हिला आत्ता सोडा. वहिनी गडबडल्या. तुमचं वय काय, असं कसं, म्हणू लागल्या. मग जरा थांबून, नजर दुसरीकडे वळवून म्हणाल्या, "आणि आमच्याकडे सोवळं-ओवळं जरा... सासूबाईंना चालेल की नाही..."

आई म्हणाली, "स्वयंपाकघरात मी पाऊल टाकणार नाही. त्यांचं खालचं तेवढं करीन."

हे ती अगदी साधेपणाने बोलली. माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. वहिनींनी आमच्याकडे आणलेला चहा मला आठवला. त्यांच्या घरात आम्ही कधी चहा प्यालो होतो का, ते मात्र आठवेना.

कार्ड मिळालं, फोन मिळाला. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. मी माझा नंबर एका कागदावर लिहून दिला, तो तिने पिशवीत ठेवला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, आय काल गेली. काल दुपारीच माती दिली." एवढं बोलून तिने फोन भावाकडे दिला, आणि त्याने तो बंद केला.

सोमवारी मी तिच्याबरोबर पंधरा मिनिटं चालले असते तर तिची आई तिला भेटली असती. या वाक्यात दुसरं काही बसत नाही, मी खूप प्रयत्न केला आहे.

आई पुढचे नऊ दिवस वर जात राहिली. मी आईला म्हटलं, आता ती गेली घरी, तू कशाला जातेस, मी लेबर ऑफिसला अर्ज करते. आई म्हणाली, अर्ज कर, पण शब्द दिलाय, आणि त्या म्हातारीने कुणाचं काय केलंय? सत्तरीच्या बाईला ते अंग उचलवत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून मीही जायला लागले. त्या घरात मी पहिल्यांदाच इतकी आत, पलंगापर्यंत गेले होते. आई चादर एका बाजूने गुंडाळायची, मी म्हातारीला कुशीवर धरायची. ज्या कामातून मला बाहेर काढायला आईने आयुष्य घातलं, तेच ती मला शिकवत होती आणि मान वर करत नव्हती. अर्ज मी केला. त्याचं पुढे काहीच कळलं नाही. दुसरी बाई आली, आमचं जाणं थांबलं. वहिनी अजून जिन्यात भेटल्या की हसतात, आईची चौकशी करतात.

मालिका लागली तेव्हा आईने दोन भाग पाहिले. माझं मराठी छान झालंय म्हणाली आणि तिसऱ्या भागाच्या वेळी आत जाऊन पडली.

भातकापणीच्या दिवसांत आम्ही दोघी त्या बाईच्या वाडीवर गेलो. ती दुसऱ्याच्या शेतात भारे बांधत होती. आम्हाला बघून झोपडीत घेऊन गेली, कोरा चहा केला. माझ्यासाठी आणि आईसाठी स्टीलचे पेले विसळून घेतले. मी मनात घोकून आलेली माफी कशीबशी मागितली. ती चुलीकडे बघत म्हणाली, "तुम्ही वर निघाल्या तवाच मला कळलं. पळून जावं वाटलं. पण पाय नाय हालले." रागाने म्हणाली नाही. राग असता तर बरं झालं असतं.

आईने विचारलं, आता पुढे काय? ती म्हणाली, चोवीस तासाचं काम आता नाय. दिवाळीनंतर भावाबरोबर वीटभट्टीवर जायचं. तिथे निदान घरची माणसं एकत्र असतात.

मी विचारलं, "तिथून मधेच घरी यायचं झालं तर येऊ देतात?"

तिने उरलेला चहा माझ्या पेल्यात ओतला. म्हणाली, "मालकाला विचारावं लागतं."